पिल्लाची तपासणी म्हणजे चोचले नव्हेत

भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी वितात. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात आपल्या वस्त्यांमध्ये पिल्लंच पिल्लं. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन माणसं परत येतात, तोवर गटाराच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला, बंद पडलेल्या रिक्षाखाली चार-पाच पिल्लं रांगायला लागलेली असतात. पोरं त्यातलं एखादं शर्टात घालून घरी आणतात. आई ओरडते, आजी म्हणते राहू दे, आणि पिल्लू राहतं. पोरांच्या ताटातली भाकरी खातं, पोरांच्याच अंथरुणात झोपतं.

या पिल्लाला डॉक्टरकडे नेलं का, असं विचारलं की लोक हसतात. "ताई, इथं पोरांना न्यायला पैसे नाहीत आणि कुत्र्याला कुठं नेता?" हा प्रश्न मी नर्स असताना ऐकला आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतानाही रोज ऐकते. प्रश्न खोटा नाही. पण माझं म्हणणं असं आहे की पिल्लाची तपासणी आपल्या पोराच्या तब्येतीपासून वेगळी काढताच येत नाही. बंगल्यातल्या कुत्र्याला डॉक्टरकडे नेतात तो त्यांच्या हौसेचा भाग असेल. आपल्याकडे एका खोलीत सहा माणसं आणि एक पिल्लू राहतं. तिथं पिल्लाच्या पोटातले जंत, अंगावरची खरूज आणि तोंडातली लाळ हा घराच्या आरोग्याचा भाग आहे.

दुसरं म्हणणं असं की, तपासणी म्हणजे महागड्या चाचण्या नव्हेत. कशाला पैसे घालायचे आणि कशाला नाही, हे आपल्याला माहीत पाहिजे. नाहीतर एक तर काहीच करत नाही, किंवा कुणी सांगेल त्या चाचण्यांवर आठवड्याची मजुरी घालवून बसतो.

पोट मोठं म्हणजे पिल्लू गुबगुबीत नव्हे

वस्तीतल्या दहा पिल्लांकडे पाहा. बहुतेकांचं पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागणारा. लोक म्हणतात, छान गुबगुबीत आहे. आपल्या बालवाडीत असं पोट आणि काडीसारखे हातपाय असलेलं मूल दिसलं की अंगणवाडीताई लगेच जंताचं नाव घेते. पिल्लाचंही तेच आहे.

कुत्र्याच्या पिल्लात गोल जंत बहुधा जन्माआधीच शिरलेले असतात. कुत्रीच्या शरीरात दबून राहिलेल्या अळ्या ती गाभण असताना जाग्या होतात आणि वारेतून पिल्लाच्या अंगात जातात. अंकुशजंत आईच्या दुधातूनही जातात. म्हणून "माझं पिल्लू घरातच असतं, बाहेर काही खात नाही" या बोलण्याला अर्थ नाही. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या शीतून जंताची अंडी बाहेर पडू लागतात.

ही अंडी आपल्या पोरांपर्यंत कशी पोचतात ते समजून घ्या. ताज्या शीतली गोल जंताची अंडी लगेच लागण करत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती धोकादायक होतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, मातीत टिकतात. पोर मातीत खेळतं, हात न धुता तोंडात घालतं, अंडी पोटात जातात. माणसाच्या पोटात या जंताचा पूर्ण किडा होत नाही. अळ्या वाट चुकल्यासारख्या अंगभर फिरतात. कधी यकृतात, कधी फुप्फुसात, कधी डोळ्यात जातात. डोळ्यात गेलेल्या अळीनं मुलाची नजर जाऊ शकते. अंकुशजंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघ उमटते, भयंकर खाज सुटते. त्याला कुणी नायटा समजून मलम लावतं, कुणी बाहेरचं काही म्हणून उतारा टाकतं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हीला पैसे कमी लागतात. पहिली, पिल्लाची शी त्याच दिवशी उचला. कागदाने उचला, पिशवीत बांधा, कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. अंडी मुरायच्या आत घाण गेली तर साखळी तुटली. दुसरी, जंताचं औषध वेळेवर द्या. दोन आठवड्यांच्या वयाला पहिला डोस, मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला, आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. आईलाही पिल्लांसोबतच द्यायचं. औषध वजनावर ठरतं, म्हणून पिल्लाचं वजन करून जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. शाळेत पोराला मिळालेली जंताची गोळी मोडून पिल्लाला देऊ नका. ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन तर अजिबात नको. आपल्याला चालणारं औषध कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं.

कुठली तपासणी कशासाठी

आता चाचण्यांचं बोलू. पिल्लाला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं की सगळ्यात महत्त्वाची तपासणी होते ती डोळ्यांनी, हातांनी आणि स्टेथोस्कोपनं. वजन, ताप, हिरड्या, डोळे, कान, टाळू, बेंबी, छाती, कातडी. कुत्र्याचा ताप आपल्यापेक्षा जास्त असतो. साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. म्हणून अंग गरम लागलं एवढ्यावर घाबरू नका. टाळूला चीर आहे का, बेंबीपाशी हर्निया आहे का, हृदयाच्या ठोक्यात फुसफुस आवाज आहे का, हे अनुभवी डॉक्टर पाच मिनिटांत सांगतात. त्याला मशीन लागत नाही.

यातलं निम्मं तुम्ही घरी करू शकता. आठवड्यातून एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर पिल्लाचं वजन करा. लहान पिल्लाचं वजन वाढतच राहिलं पाहिजे. थांबलं तर काहीतरी बिघडलंय. ओठ वर करून हिरडी पाहा. गुलाबी असेल तर बरं. पांढरी फटक असेल तर रक्त कमी आहे. अंकुशजंत आतून रक्त पितात, पिसवा आणि गोचिडी बाहेरून. लहान पिल्लू एवढ्यानंही मरतं. आपल्या गरोदर बायांची पापणी खाली ओढून आपण रक्त बघतो, तसंच हे.

शीची तपासणी ही दुसरी. सुपारीएवढी ताजी शी स्वच्छ, कोरड्या डबीत न्यायची. मिठाच्या किंवा तसल्याच दाट पाण्यात ती कालवतात. जंतांची अंडी हलकी असल्यानं वर तरंगतात आणि ती काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. चाचणी साधी आणि चांगली आहे. पण एक मर्यादा ओळखा. किडा पोटात मोठा झाल्याशिवाय अंडी घालत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाची शी स्वच्छ निघाली तरी पोट जंतांनी भरलेलं असू शकतं. याच कारणानं माझं स्पष्ट मत आहे, की हातात एकाच गोष्टीचे पैसे असतील तर ते जंताच्या औषधाला द्या, शीच्या चाचणीला नंतर. औषध देऊनही जुलाब थांबत नसतील, शीत रक्त किंवा आव असेल, वजन वाढत नसेल, तेव्हा मात्र चाचणी हवीच, कारण काही जंतू नेहमीच्या जंताच्या औषधाला दाद देत नाहीत.

तिसरी, कातडीची खरवड. केस गळतायत, कानाच्या कडेला आणि कोपरावर खपल्या धरल्यात, पिल्लू दिवसभर खाजवतंय, तर डॉक्टर ब्लेडनं कातडी हलकी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात. खरजेचा किडा असेल तर तो कुशीत घेणाऱ्या पोरालाही चावतो आणि पोटावर, हातावर खाजरे पुरळ उठतात. नायट्याची बुरशी असेल तर तीही पोरांना लागते. अशा वेळी घरातल्या पोराला मलम आणि पिल्लाला काहीच नाही, असं केलं तर खाज फिरून फिरून परत येते. दोघांचा इलाज एकत्र व्हायला हवा.

चौथी, रक्ताची चाचणी. अंगावर गोचिडी आहेत, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या आहेत, लघवी तांबडी होते, तर गोचिडतापासाठी रक्त तपासावं लागतं. पाचवी, पार्वोची चाचणी. पिल्लू खाणं सोडतं, ओकतं, घाण वासाचे रक्ताचे जुलाब करतं, तेव्हा शीचा नमुना घेऊन किटवर काही मिनिटांत हा आजार कळतो. पार्वो पहिल्यांदा 1978 मध्ये ओळखला गेला, आणि आजही बिनलसीच्या पिल्लांना तो झपाट्यानं मारतो. आपल्या पोरांना तो होत नाही, पण जमिनीवर तो महिनोन् महिने टिकतो. असं पिल्लू दगावलं तर ती जागा आधी साबणानं धुवून मग ब्लीचच्या पाण्यानं पुसा. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच पुरतं. तिथं लगेच दुसरं पिल्लू आणू नका.

आणि जे पिल्लू खातंय, खेळतंय, वजन वाढतंय, हिरड्या गुलाबी आहेत, डॉक्टरांना हाताखाली काही सापडलं नाही, त्याला रक्ताचं मोठं पॅनेल, एक्स-रे, सोनोग्राफी यांची गरज नाही. कुणी सुचवलं तर विनम्रपणे विचारा, "डॉक्टर, यातून काय कळेल आणि त्यानं इलाजात काय फरक पडेल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. हाच प्रश्न आपल्या स्वतःच्या तपासण्यांसाठीही विचारायची सवय लावा.

एक चाचणी जी नाहीच

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. वस्तीत कुत्रा चावला की पुष्कळ वेळा ऐकू येतं, "थांबा, आधी कुत्र्याची टेस्ट करून आणू. रेबीज निघाला तर पोराला सुई देऊ." जिवंत कुत्र्याला रेबीज नाही अशी खात्री देणारी रक्ताची कुठलीही चाचणी नाही. रेबीजचं पक्कं निदान जनावर मेल्यावर मेंदूच्या तुकड्यातून होतं. ज्या चाचणीची वाट बघायची ती चाचणीच नाही, आणि वाट बघण्यात पोराचे दिवस जातात.

दुसरं वाक्य त्याहून घातक आहे. "पिल्लूच तर आहे, त्याला काय होतंय, खेळता खेळता दात लागला." रेबीज पिल्लालाही होतो. पिसाळलेल्या कुत्र्यानं पिल्लाला चावलं तर बाहेरून दोन बारीक खुणा दिसतात, त्या केसांत झाकून जातात. सहा-आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला दुधाचे 28 दात आलेले असतात, सुईसारखे टोकदार. ते चावलं की पोराच्या हातावर ओरखडाच दिसतो. मोठ्या कुत्र्याचा चावा बघून आई दवाखान्यात धावते. पिल्लाचा ओरखडा पोर आईला सांगतही नाही.

रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. पाण्याचा पेला समोर आला की घसा आवळून येणारं, वारा लागला तरी दचकणारं, शुद्धीवर असलेलं मूल मी वॉर्डमध्ये पाहिलं आहे. त्याच्या आईला सांगण्यासारखं आमच्याजवळ काहीही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं रेबीजनं मरतात, आणि त्यातली सुमारे 36 टक्के भारतात. माणसाला होणारा रेबीज 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांकडून येतो. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरानं चावलेल्यांमध्ये 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात. ही मुलं कुठल्या घरांतली असतील हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहाटे संडासला अंधारातून जाणारी बाई, कचरा वेचणारा पोरगा, अनवाणी खेळणारी मुलगी, झाडूवाला भाऊ, हीच माणसं कुत्र्याच्या वाटेत येतात.

म्हणून हे पाठ करून ठेवा. दात लागला, नखाचा ओरखडा आला, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठाला लाळ लागली, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. साध्या साबणानं विषाणू मोठ्या प्रमाणात निघून जातो. वर पोविडोन आयोडिन लावा. चुना, तिखट, हळद, तेल, तंबाखू काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. तिथं लस फुकट मिळते. कातडीत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी असते. पोटात चौदा सुया ही जुन्या लसीची गोष्ट, ती लस देशात कधीच बंद झाली. रक्त आलं असेल किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, ओठाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लहान दवाखान्यात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या आणि त्याच दिवशी पोचा. बरं वाटतंय म्हणून मधला डोस चुकवू नका. मांत्रिक, झाडपाला, विहिरीत डोकावणं या सगळ्यात फक्त वेळ जातो.

कुत्र्याला दहा दिवस बघायचं हा नियम खरा आहे. लाळेत विषाणू आलेलं कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. पण हे बघणं लस सुरू करून करायचं. दहाव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढचे डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. लस थांबवून कुत्र्याकडे बघत बसायचं नाही.

पिल्लं म्हणजे साखळीतली सुटलेली कडी

पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला देतात, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि त्यानंतर दरवर्षी. पार्वो, डिस्टेंपर या आजारांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. पुन्हा पुन्हा का, असं लोक विचारतात. आईच्या पहिल्या चिकातून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात काही आठवडे असते आणि ती लसीलाच निकामी करते. कुठल्या पिल्लात ती कधी संपेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून एक डोस घेऊन थांबायचं नसतं. याच एकत्रित लसीत बहुतेक वेळा लेप्टोची लसही असते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती आपल्या वस्त्यांनी भोगली आहे. तिचा मुख्य वाहक उंदीर, पण लागण झालेल्या कुत्र्याच्या मूत्रातूनही तो पसरतो.

पैसे कमी असतील तर माझा क्रम असा: आधी जंताचं औषध, मग रेबीजची लस, मग एकत्रित लस, आणि लक्षणं दिसली तर चाचण्या. पहिल्या दोन गोष्टी आपल्या पोरांचा जीव राखतात, तिसरी पिल्लाचा.

एका घरानं एका पिल्लाला लस देऊन वस्ती सुरक्षित होत नाही, हे खरं आहे. 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जगभरचा अनुभव सांगतो. पण रस्त्यावरची कुत्री फार जगत नाहीत. लस दिलेली मरतात आणि मार्गशीर्षात बिनलसीची नवी पिल्लं येतात. मागच्या वर्षीचे 70 टक्के या वर्षी राहत नाहीत. महापालिकेची गाडी मोठ्या कुत्र्यांना पकडते, नसबंदी करते, लस टोचते आणि पिल्लं मागं राहतात. मोहिमेत तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही लस द्यावी, नंतर पुन्हा डोस द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं दरवर्षी गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. शेजारच्या राज्याला जमलं ते आपल्या वॉर्डाला का जमू नये?

काही जण म्हणतात, पिल्लं गोणीत भरून लांब सोडून या, कटकट नको. हे क्रूर आहे, 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि उपयोगाचंही नाही. पिल्लं नेली की कुत्री पिसाटते आणि चावते. कचरा तिथंच असतो, म्हणून महिन्याभरात दुसरी कुत्री येतात, तीही बिनलसीची. काही कुत्राप्रेमी मंडळी संध्याकाळी स्कूटरवरून येऊन बिस्किटं टाकतात आणि निघून जातात. त्यांना माझी विनंती आहे, बिस्किटाच्या पुड्यासोबत लसीची तारीखही सांभाळा.

आणि एक बोच मला माहीत आहे. ज्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी प्यायला बंदी नव्हती तिथं आपल्या आज्या-पणज्यांना होती. 20 मार्च 1927 ला महाडला त्याचंच उत्तर दिलं गेलं. त्यामुळे कुत्र्यासाठी काही मागायचं म्हटलं की आपल्यातल्या जाणत्या माणसांना खुपतं. "आमच्या पोरांना डॉक्टर नाही आणि कुत्र्यांना मागता?" मी त्यांना एवढंच म्हणते, काका, महाडला भांडण माणसाच्या हक्काचं होतं, त्या मुक्या जनावराशी नव्हतं. आज पिल्लाला लस मागणं हे पोराच्या जिवासाठी मागणं आहे. सोसायटीतल्या कुत्र्याला लस आणि वस्तीतल्या कुत्र्याला नाही, तर रेबीजनं मरणारं पोर वस्तीतलंच असणार. हा भेद आपण मुकाट्यानं का सोसायचा?

या हिवाळ्यात काय करायचं

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही महापालिकेची, नगरपालिकेची, ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ते कुणाचे उपकार नाहीत. महिला मंडळानं किंवा बचत गटानं एक वही करावी. गल्लीत किती पिल्लं, नर किती, मादी किती, रंग, अंदाजे जन्मतारीख, जंताचा डोस कधी, लस कधी. ही वही घेऊन वॉर्ड ऑफिसात पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून विचारावं, मागच्या वर्षी आमच्या वॉर्डात किती कुत्र्यांना रेबीजची लस दिली. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर ते दहा रुपयेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पाच-सहा घरांनी मिळून एक टेम्पो किंवा रिक्षा केली तर सगळी पिल्लं एका फेरीत होतात. पिल्लू पिशवीत कोंबू नका. भाजीच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून न्या.

तारखाही आपल्या सोयीच्या आहेत. 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी मिळते. त्याच आठवड्यात वस्तीतल्या सगळ्या पिल्लांना आणि कुत्र्यांना जंताचा डोस देऊन टाकावा, म्हणजे दोन्हीकडून माती स्वच्छ राहायला मदत होईल. कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेली पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन महिन्यांची होतात, तेव्हा रेबीजची लस. जयंती मंडळांनी 14 एप्रिलच्या वर्गणीतला छोटासा वाटा या शिबिराला द्यावा. डीजेचा एक तास कमी झाला तर पिल्लांच्या लसी त्यात बसतात.

तोपर्यंत घरात आजपासून सुरू होण्यासारखं एवढं आहे: पिल्लाला हात लावला की साबणानं हात, शी त्याच दिवशी कचऱ्यात, आणि पोराला जवळ घेऊन सांगणं, "बाळा, पिल्लाचा दात लागला, नख लागलं, तर लपवू नकोस. मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य नक्की सांगा. मार बसेल या भीतीनं पोरं ओरखडा लपवतात.